गंभीर चेहऱ्याचा विनोद आणि लाडिक गळा

अमेरिकन परीकथांची ध्वनिमुद्रणे हल्ली उदंड झाली आहेत. ज्या ग्रंथांवरील स्वामित्वाचे हक्क संपले, ते वाचून मुद्रित करण्यास कोणाची आडकाठी नाही. आणि २००५ साली स्थापन झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ने तर हौशी वाचकांची अशी वाचने विनामूल्य खुली केली आहेत. हे इष्टच होय. आमचे भांडण ध्वनिमुद्रणाशी नसून त्यांपैकी पुष्कळांत शिरलेल्या लाडिकपणाशी आहे. आरंभी घुंगरांचा नाद, मध्ये वाद्यांची लुडबूड, दर पात्रास किरटा आवाज आणि निवेदकाच्या शब्दाशब्दांतून ओसंडणारे कौतुक! मुलांची कथा म्हटली की बोबडे बोललेच पाहिजे, हा समज मुळातच चुकीचा आहे.

एल. फ्रँक बॉम याचा ‘अमेरिकन फेअरी टेल्स’ हा बारा कथांचा संग्रह १९०१ साली निघाला. त्यातील एका कथेत शिकागोच्या एका घरात, माळ्यावरील पेटीतून तीन इटालियन दरोडेखोर निघतात. त्यांनी धंदा बदलावा असा विचार निघाला असता राजकारणाचेही नाव पुढे येते. परंतु आपला उच्च व्यवसाय सोडणे त्यांस मानवत नाही. दुसऱ्या कथेत भेटीस येणाऱ्यांमुळे त्रासलेला मांत्रिक काचेच्या कुत्र्यास सजीव करून दाराशी बसवितो. शेवटी लेखक हळहळतो, की कुत्रा बहुधा अजून तेथेच असेल. एरवी मांत्रिकास भेटून या कथेचे तात्पर्य विचारता आले असते!

यातील सारी गंमत लेखकाच्या निर्विकारपणात आहे. कारकुनाने जमाखर्च वाचावा तशा थंडपणे तो अद्भुत गोष्टी सांगतो. निवेदक आधीच हसला, की श्रोत्यास हसावयास काही उरतच नाही. विनोद कोठे आहे हे ओळखण्याचा आनंद मुलाचा असतो. तो हिरावून घेण्याचा अधिकार निवेदकास कोणी दिला?

कोणी म्हणेल, मुलांस सोंगे आवडतात. आवडतात खरी, साखरही आवडते. म्हणून वरणात साखर घालून कोणी वाढीत नाही.

याहून मोठी हानी कार्ल सँडबर्ग याच्या ‘रुटाबागा स्टोरीज’ (१९२२) या पुस्तकाची होते. त्यात दोन गगनचुंबी इमारती अपत्याची इच्छा धरतात, आणि ते आपल्यासारखे एका जागी खिळलेले नसावे, मोकळे असावे, असे ठरवितात. ते अपत्य म्हणजे आगगाडी. पुढे त्या गाडीस अपघात होतो आणि इमारती कोसळतात. ही कथा हास्यास्पद आहे आणि तितकीच करुणही. जो गळा पहिल्या वाक्यापासून खिदळत आला, त्याने हे दुःख कोणत्या तोंडाने सांगावे? सँडबर्गने यांतील कथा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या आहेत. निवेदकांनी निदान त्या तरी ऐकाव्यात.

ज्यांच्यापाशी ना वाद्यवृंद ना दिग्दर्शक, अशा हौशी वाचकांचे साधे वाचन पुष्कळदा अधिक सरस उतरते, ते याचमुळे. त्यांस लेखकावर कुरघोडी करण्याचे साधनच नसते. निवेदकांस आमची मागणी एवढीच, की कथेवर विश्वास ठेवा, मुलांवर त्याहून अधिक ठेवा आणि घुंगरे उतरवून वाचावयास बसा.