फुकट बातमीची किंमत

‘ज्याच्या हाती मोबाइल, तो आजकाल पत्रकार!’ हे वाक्य आमच्या मराठी मंडळांतून अलीकडे वारंवार कानी पडते. बोलणारे बहुधा तीन-चार पिढ्या नियमाने वर्तमानपत्र वाचत आलेल्या घरांतील असतात. छापील पत्रात लिहितो तो पत्रकार, इंटरनेटवर लिहितो तो उपटसुंभ, असा त्याचा मथितार्थ. हा समज चुकीचा आहे आणि अन्यायाचाही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बस्तरमधील बीजापूरचे उदाहरण घ्या. छत्तीसगड २००० सालापर्यंत मध्य प्रदेशाचाच भाग होता. हा मुलूख आम्हांस परका नाही. तेथील तरुण पत्रकार मुकेश चंद्राकर यूट्यूबवर ‘बस्तर जंक्शन’ ही वाहिनी चालवीत. एप्रिल २०२१ मध्ये नक्षलवाद्यांच्या ताब्यातील एका जवानाच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली. डिसेंबर २०२४ मध्ये एका रस्त्याचे निकृष्ट काम त्यांनी उजेडात आणले. १ जानेवारी २०२५ रोजी ते बेपत्ता झाले आणि ३ जानेवारीस एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु केवळ मोबाइल हाती आला म्हणून कोणी असा जीव धोक्यात घालीत नाही.

अशा पत्रकाराच्या पाठीशी असते काय? १९७८ च्या कायद्याने प्रेस कौन्सिलचे अधिकारक्षेत्र वृत्तपत्रे व वृत्तसंस्था यांच्यापुरते ठेवले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यम घेतले खरे. पण ती व्याख्या नोकरदाराची. स्वतःच मालक आणि स्वतःच बातमीदार असणारा माणूस तिच्या बाहेरच राहिला. जाहिरातीचे उत्पन्न प्रेक्षकसंख्येवर, आणि त्याचा हिशेब परदेशी कंपनीच्या हाती. नोटीस आली तर वकिलाची फी पदरची. सरकारने इंटरनेटच बंद केले, तर छापखान्यालाच कुलूप! ऑगस्ट २०१९ नंतर श्रीनगरच्या पत्रकारांना सरकारी केंद्रातील मोजक्या संगणकांपुढे रांगा लावाव्या लागल्या होत्या.

मोबाइल दाखवून खंडणी उकळणारे आणि अफवा पिकविणारे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पीत पत्रकारिता छापखान्यातच जन्मली, म्हणून कोणी वृत्तपत्रे टाकाऊ ठरविली नाहीत. निवड करणे हे वाचकाचे कर्तव्य आहे. सरसकट नाके मुरडणे हा त्यातून अंग काढून घेण्याचा मार्ग होय.

येथे आमच्याच इतिहासातील एक गोष्ट स्मरणात ठेवण्यासारखी आहे. माधवराव सप्रे हे मध्य प्रांतात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोळकर आणि वामनराव लाखे त्यांच्या जोडीला होते. मासिक तीन वर्षांत, १९०२ अखेर, बंद पडले. त्याला कोणा साहेबाचा हुकूम कारण झाला नाही. पैशाचा तोटा कारण झाला. आज त्या मासिकाचा आम्ही अभिमानाने उल्लेख करतो. तेव्हा वर्गणीदार मात्र पुरेसे मिळाले नव्हते.

तीच चूक आज आम्ही सारे मिळून पुन्हा करीत आहोत. बातमी फुकट घ्यावयाची, दहा जणांना फुकट पाठवावयाची, आणि ती आणणाऱ्याला पत्रकार म्हणावयास मात्र कचरावयाचे! ज्या घरांनी एके काळी दूरगावाहून टपालाने पत्रे मागविली आणि वर्गणी वेळेवर धाडली, त्यांना हे शोभत नाही. आपापल्या शहरातील एक तरी प्रामाणिक बातमीदार पारखून घ्यावा, त्याची वर्गणी भरावी, आणि त्याच्यावर संकट आले तर मंडळाने त्याच्या बाजूने जाहीर ठराव करावा. एवढेही जमणार नसेल, तर पत्रकारितेच्या ऱ्हासावरील व्याख्याने आम्ही बंद करावीत, हे बरे.