किनारा ओलांडल्यावर

बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की हवामानाचं वेड असलेली माणसं झोप विसरतात. विशाखापट्टणम आणि मछलीपट्टणमच्या रडारची चित्रं, इन्सॅट उपग्रहाचे फोटो, युरोपियन आणि अमेरिकन मॉडेलांनी काढलेल्या वेगवेगळ्या वाटा, समुद्राच्या पाण्याचं तापमान, ढगांची मांडणी मोडणारा वरच्या थरातला वारा, हे सगळं ते एकाच प्रश्नासाठी पाहत असतात. केंद्र किनारा कुठे ओलांडणार आणि किती वाजता? ती वेळ येते, केंद्र जमिनीवर सरकतं, चॅनेलांचे कॅमेरे समुद्रावरून हटतात आणि किनाऱ्यावरची मंडळी थकून आडवी होतात. तेलंगणातल्या आदिलाबादला आमचं जागरण तिथून सुरू होतं.

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे. बेला, जैनथ, तलमडगू, भीमपूर या मंडळांतल्या कितीतरी शेतकऱ्यांनी तो आयुष्यात पाहिलेला नाही. पण सप्टेंबर उतरणीला लागला की 'तुफान कुठवर आलं?' हा प्रश्न चहाच्या टपरीवर, खताच्या दुकानात, मार्केट यार्डात हमखास ऐकू येतो. आमच्यातले काही जण याच प्रश्नाचं उत्तर शोधायला रात्री मोबाइल घेऊन बसतात. कुणी शाळेत शिकवतो, कुणी बियाणं विकतो, बाकीचे शेतीच करतात. हवामानशास्त्राची पदवी कुणाकडेच नाही, पण वर्षानुवर्षं नोंदी ठेवून आलेली जाण आहे.

या मंडळींत बसून मी जे शिकलो त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं असं, की वादळाची ताकद मोजायचं माप किनाऱ्यावर एक असतं आणि आमच्याकडे दुसरं. किनाऱ्यावर वारा मोजतात. चक्रीवादळ म्हणायचं की नाही, नाव द्यायचं की नाही, हे वाऱ्यावरच ठरतं. ताशी ६२ किलोमीटरचा सततचा वारा झाला की नाव मिळतं, त्याखाली डीप डिप्रेशन, त्याच्याही खाली डिप्रेशन. आमच्या जिल्ह्यात पोचेपर्यंत हा वारा बहुतेक वेळा संपलेला असतो. उरतं ते पाणी, आणि ते मोजणारी कोणतीही पायरी त्या नामावळीत नाही.

२०२१ चं गुलाब चक्रीवादळ घ्या. २५ सप्टेंबरला त्याला नाव मिळालं. २६ च्या रात्री साडेसात ते साडेआठच्या दरम्यान ते आंध्रच्या कलिंगपट्टणमच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर जमिनीवर आलं. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर, म्हणजे चक्रीवादळांतली सर्वांत खालची पायरी. २७ तारखेला ते आधी डीप डिप्रेशन झालं, मग डिप्रेशन. छत्तीसगडचा दक्षिण भाग ओलांडून तेलंगणावर आलं आणि २८ ला विदर्भ-मराठवाड्यावर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणून उरलं. बातम्यांत शब्द होता 'कमजोर'. त्याच २८ तारखेच्या सकाळी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर एसटीची बस पुलावरून वाहून गेली आणि माणसं दगावली. मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. लातूर-उस्मानाबादकडे पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढलं गेलं. नंतर हेच क्षेत्र गुजरातच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरलं, १ ऑक्टोबरला पुन्हा चक्रीवादळ बनलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या उत्तर किनाऱ्याला धडकलं. मध्ये ते कमी दाबापर्यंत उतरलेलं असल्यामुळे तिथे त्याचं नाव शाहीन होतं. एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाताना त्याने आमचा सगळा पट्टा भिजवला, आणि नेमकं त्याच प्रवासात त्याला नाव नव्हतं.

असं का होतं, हे समजून घेतलं की पुढची अनेक वादळं समजतात. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असलेलं समुद्राचं पाणी. जमीन आली की इंधन तुटतं, झाडं-डोंगरांचं घर्षण वाढतं, वारा पडतो. पण हवेत चढलेली वाफ वाऱ्याबरोबर नाहीशी होत नाही. शिवाय सप्टेंबरात इथली काळी जमीन पावसाने तुडुंब असते, नाले-तळी भरलेली असतात, ओली जमीनही वाफ देत राहते. त्यामुळे पावसाळ्यातलं डिप्रेशन जमिनीवर दोन-दोन, तीन-तीन दिवस तग धरतं. त्यातही एक खोच आहे. पश्चिम-वायव्येला सरकणाऱ्या अशा डिप्रेशनचा सर्वांत जोराचा पाऊस केंद्रात पडत नाही, केंद्राच्या नैऋत्येला पडतो. म्हणून नकाशावर केंद्र आदिलाबादच्या डोक्यावर दिसलं तर आम्ही जेवढे धास्तावत नाही, तेवढे ते गडचिरोली-चंद्रपूरवर दिसलं की धास्तावतो. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. 'ते तर तिकडून चाललंय' म्हणून तो निर्धास्त होतो आणि सोयाबीनची सुडी उघडी ठेवतो.

नाव नसलेल्या संकटाकडे दुर्लक्ष होतं, याची मला खरी काळजी वाटते. २०२४ च्या १ सप्टेंबरच्या पहाटे एक डिप्रेशन त्याच कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. चक्रीवादळाच्या पायरीला ते पोचलंच नव्हतं, म्हणून त्याला नाव नाही. पण त्या दोन दिवसांत खम्ममला मुन्नेरू नदी घरांत घुसली, विजयवाड्याचे मोठमोठे भाग बुडमेरूच्या पुराने पुढे कित्येक दिवस पाण्याखाली राहिले, आणि इकडे नांदेड, परभणी, हिंगोलीची शेतं तळी झाली. गुलाब म्हटलं की लोकांना लगेच आठवतं. या दुसऱ्याबद्दल विचारलं तर 'तो सप्टेंबरातला पाऊस' एवढंच ऐकायला मिळतं. माझ्या मते आपल्या हवामानवेड्यांनी किनाऱ्यावरच्या क्षणाचं कौतुक थोडं कमी करून अशा बिननावाच्या, रेंगाळणाऱ्या क्षेत्रांवर जास्त रात्री खर्च कराव्यात.

इथल्या शेतकऱ्याला वादळाचा वेग विचारायचा नसतो. त्याचे प्रश्न ठरलेले. पाऊस किती वाजता येईल, किती दिवस टिकेल, आणि उघडीप किती तासांची मिळेल? सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन कापणीला आलेलं असतं. कापून ठेवलेल्या सोयाबीनवर सलग झड लागली की शेंगेतच कोंब फुटतात, आणि मग त्याला बाजारात कुणी विचारत नाही. ऑक्टोबरात कपाशीची पहिली वेचणी. फुटलेलं बोंड झाडावर भिजलं की कापूस पिवळट पडतो, खालची बोंडं सडतात. वेचलेला कापूस ओला राहिला तर खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. भारतीय कापूस महामंडळाचा नियम असा की ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे खरेदीच नाही. हमीभावाने विकायला आलेला माणूस गाडी वळवून व्यापाऱ्याच्या दारी जातो. एका रात्रीची ताडपत्री वेळेवर पडली की नाही, यावर वर्षाचा हिशेब बदलतो. म्हणून 'उद्या दुपारपर्यंत उघडीप आहे, मळणी उरका' असा संदेश आमच्यातला कुणी पाठवतो तेव्हा त्याचा हात जड होतो, आणि व्हायलाच हवा.

आता साधनांबद्दल. तेलंगणाने मंडळा-मंडळांत मिळून हजाराहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत आणि त्यांचे आकडे लोकांना पाहता येतात. थंडीत तेलंगणातला पारा सर्वांत खाली कुठे गेला या बातमीत आमच्या अर्लीचं नाव वारंवार येतं, ते याच केंद्रांमुळे. या आकड्यांवरच इथले हौशी अभ्यासक मोठे झाले. हैदराबादहून 'तेलंगणा वेदरमॅन' या नावाने लिहिणारे टी. बालाजी असोत, चेन्नईचे प्रदीप जॉन असोत, त्यांनी सरकारी आकडे लोकांना समजतील असे मांडून दाखवले. रडारच्या बाबतीत मात्र आम्ही कोपऱ्यात पडलो आहोत. हैदराबाद सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर पावणेदोनशे. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. नागपूरचा किरण आमच्यावर येईपर्यंत जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर उंच गेलेला असतो. त्या उंचीखाली काय शिजतंय ते त्याला दिसत नाही. ही उणीव भरून काढतात ती जमिनीवरची माणसं. कुंटाळ्याच्या रानात काळोख दाटला, इच्चोड्याला धार लागली, घाटात धुकं उतरलं, असं कुणी कळवलं की रडारचं चित्र वाचायला अर्थ येतो.

अंदाज सांगण्यात जी जबाबदारी आहे ती २०२५ च्या मोंथा चक्रीवादळाने नीट दाखवली. २८ ऑक्टोबरच्या रात्री ते काकीनाड्याच्या दक्षिणेला, नरसापूरजवळ जमिनीवर आलं. त्याच्या पुढच्या वाटेच्या नकाशात उत्तर तेलंगणाही होता. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलं ते हनमकोंडा-वरंगळच्या पट्ट्यात, शहरात पाणी शिरलं. ऑक्टोबरातलं वादळ सप्टेंबरातल्यासारखं वागत नाही. उत्तरेकडून कोरडी हवा त्यात शिरायला लागते, वरचा वारा वाट वाकवतो, आणि पावसाचा पट्टा शे-दीडशे किलोमीटर सहज सरकतो. अशा वेळी एकच गाव, एकच तास सांगणारा संदेश लोकांना आवडतो, पण प्रामाणिक संदेश 'या चार मंडळांपैकी कुठेतरी' असाच असतो. मराठवाड्यात पंजाबराव डख यांचे अंदाज व्हॉट्सॲपवरून गावोगाव वाचले जातात, आमच्या सीमेवरच्या गावांतही. शेतकऱ्याच्या भाषेत, शेतीच्या कामाला जोडून बोललं की लोक ऐकतात, हे त्यावरून दिसतंच. माझं मागणं एवढंच की कुणाचाही संदेश पुढे पाठवताना त्याची तारीख पुसली जाऊ नये. तीन दिवसांपूर्वीचा 'उद्या पाऊस' आज माणसाला फसवतो.

भाषेचीही अडचण आहे. जिल्ह्याचे इशारे तेलुगूत निघतात. पैनगंगेच्या काठची घरं मराठी बोलतात, डोंगरातली गोंडी. आमच्यातली एक शिक्षिका प्रत्येक इशाऱ्याचा सारांश मराठीत बोलून पाठवते, तिचा सहकारी तोच गोंडीत सांगतो. मिनिटभराचा आवाज असतो, पण ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांपर्यंत तो पोचतो. हे काम कुठल्याही उपग्रहाच्या चित्राइतकंच मोलाचं आहे असं मी मानतो.

आणि नदी. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यं भाषेवर विभागली गेली, पावसाचं पाणी मात्र जुन्याच वाटेने येतं. इसापूर धरणाखालून, उमरखेड-माहूरच्या बाजूने पैनगंगा आमच्या सीमेवर येते, पुढे वर्धेला मिळते, मग प्राणहिता, गोदावरी, आणि शेवटी ज्या समुद्रातून ते पाणी उठलं त्याच बंगालच्या उपसागरात. उमरखेडला कोसळलेला पाऊस आमच्या काठावरच्या शेतात काही तासांनी पोचतो. महाराष्ट्रानेही महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त हवामान केंद्रं बसवली आहेत. पण एका काठाचे आकडे एका राज्याच्या पानावर, दुसऱ्या काठाचे दुसऱ्या. पूर येतो तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहणारं कुणी नसतं. ते आम्ही हौशी लोक हाताने करतो, आणि वरच्या अंगाला आमची माणसं फार थोडी आहेत.

म्हणून उमरखेड, माहूर, किनवट, आर्णी, केळापूर या तालुक्यांतल्या वाचकांना विनंती. सरळ उभ्या भिंतीचा, तोंड आणि तळ सारखा असलेला डबा मोकळ्या जागी, झाड-भिंतींपासून लांब, हलणार नाही असा बसवा. आत साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. शंभर मिलिमीटर पडला तर तुमच्या एका एकरावर चार लाख लिटर पाणी आलं, आणि त्यातलं बरंच आमच्याकडे निघालं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, तेव्हा मोजणीही रोज साडेआठलाच घ्या. पाऊस शून्य असला तरी शून्य लिहा. ही नोंद आम्हाला पाठवताना गावाच्या नावापुढे तालुका जरूर लिहा, कारण सारख्या नावाची गावं पैनगंगेच्या दोन्ही काठांना आहेत.