उभ्या जागी बदलणारी वने

वृक्षाला ऊन सोसेनासे झाले तरी त्याला सावलीस जाता येत नाही. जेथे बी रुजले तेथेच त्याने दोन-तीनशे वर्षांचे ऋतू झेलायचे. मग हवामान पालटले तर तो तग धरतो कसा? फ्रान्समधील ओक वृक्षांनी याचे काहीसे उत्तर दिले आहे.

चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६९ मध्ये वनांविषयी कडक हुकूम काढला. आरमाराला उत्तम लाकूड हवे होते. ती झाडे पुरी वाढेपर्यंत लाकडी जहाजांचेच युग सरले, हा भाग निराळा! परंतु त्या धोरणामुळे त्राँसेसारख्या अरण्यात जुने ओक आजही उभे आहेत. अशा तीन अरण्यांतील, १६८० पासून निरनिराळ्या काळी उगवलेल्या चार वयोगटांच्या वृक्षांची जनुके संशोधकांनी ताडून पाहिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा आहे. लघु हिमयुगाच्या अखेरच्या थंडीत तिन्ही अरण्यांत निसर्गाची निवड एकाच दिशेने चाललेली दिसते. पुढे ती दिशा पालटते. हे फेरबदल दुष्काळ व कडाक्याच्या थंडीच्या नोंदींशी जुळतात. ज्या जनुकांत ते ठळक आहेत, त्यांपैकी अनेक रोग, उष्णता आणि अवर्षण यांना तोंड देण्याच्या कामी येणारी आहेत.

येथे एक गैरसमज टाळावा. जुना वृक्ष हवामान पाहून आपली जनुके बदलत नाही. बदलते ते वन. वयस्क झाडांखाली एका हेक्टरात हजारो रोपे उगवतात आणि दीड-दोनशे वर्षांनी त्यांतील जेमतेम शंभरएक उरतात. कोणते रोप थंडीने गेले, कोणते तहानेने, या निमूट छाटणीतच पुढच्या पिढीचा वारसा ठरतो. शेजारच्या भिन्न जातीच्या ओकचा परागही त्यात कधी नवी भर घालतो.

म्हणूनच रोपवाटिकेतून मोजकी, एकसारखी रोपे आणून लावणे सोयीचे वाटले, तरी मला तो सौदा महागाचा वाटतो. निवडीला वावच उरत नाही. अर्थात आजची तापमानवाढ वेगवान आहे, आणि ओकची चाल संथ. दाट वनात यंदा रुजलेले रोप भरघोस बी धरू लागेल, त्याला अर्धशतक तरी लोटेल.