भोजनातील मात्रा

कोसलनरेश प्रसेनजित अतिभोजनाने धापा टाकीत भगवंतांपाशी आला, तेव्हा भगवंतांनी त्यास मात्रा राखून जेवण्याचा उपदेश केला. सुदस्सन नावाचा तरुण प्रत्येक भोजनसमयी राजाला त्याचे स्मरण करून देई. राजाचा आहार हळूहळू आटोक्यात आला. संयुत्त निकायातील ही कथा वसतिगृहांनी आचरणात आणावी, असे आम्हांस वाटते.

आमच्या वाडवडिलांनी भूक सोसली. म्हणूनच भेटीच्या दिवशी पालक वेफर्स, शीतपेये पिशव्या भरून आणतात. त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु त्याने चटक लागते, पोषण होत नाही. भाकरी, वरण, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे यांना गरिबीची खूण समजू नये. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मुलांचे सुदस्सन व्हावे, हीच मंगलकामना.