कोरे पान आणि आपली मुले

दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने जोडण्याचा निर्णय घेतला. तरीही मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. पाने पुस्तकात असोत वा वहीत, त्यांवर मुले लिहितात काय, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. गाइडमधील उत्तरे उतरवून वह्या भरतात, आकलन मात्र वाढत नाही. कठीण प्रश्नाशी झुंजत, खाडाखोड करीत स्वतःचे वाक्य लिहिणाऱ्या मुलाला आपणांस काय उमगले नाही, हे उमगू लागते. पालकांनी तयार उत्तर देण्याची घाई करू नये. मुलांना अडू द्यावे, चुकू द्यावे आणि स्वतः लिहू द्यावे.