क्ष-किरणांच्या खोलींतील नोकरी

विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलामुलींस रुग्णालयांतील क्ष-किरण, सीटी व एमआरआय यांच्या विभागांत आज चांगल्या नोकऱ्या मिळतात. पण अशा नोकरीचें नांव निघतांच घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडते. मुलगी ‘किरणांत’ काम करते, एवढ्याच कारणावरून जुळत आलेलीं लग्नें फिसकटल्याचें आमच्या कानीं आलें आहे. हरकत घेणारीं घराणीं अडाणी नसतात. सुशिक्षितांची भीति जरा शास्त्रीय शब्दांत बोलते, एवढाच काय तो भेद.

या भीतीला इतिहास आहे, हें मात्र कबूल केलें पाहिजे. रंटगेन यांनीं १८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें हे किरण शोधून काढले आणि पुढच्याच महिन्यांत पत्नीच्या हाताचें, बोटांतील आंगठीसह, चित्र घेतलें. अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत क्लॅरेन्स डॅली नांवाचा साहाय्यक याच किरणांवर काम करीत असे. त्याचे हात जळले, पुढें ते कापावे लागले, आणि १९०४ सालीं तो वारला. एडिसननें त्यापूर्वींच हें काम सोडून दिलें होतें. तेव्हां किती किरण अंगावर घ्यावे याचें मापच कोणापाशीं नव्हतें.

आज तें माप आहे. किरणांचा शरीरावर होणारा परिणाम मिलिसीव्हर्ट या एककांत मोजतात. जमीन, आकाश व अन्न यांच्या द्वारें प्रत्येक मनुष्यास, जगाच्या सरासरीनें, वर्षाकांठीं सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट न मागतां मिळतच असतात. आपल्याकडे १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. या मंडळानें किरणांत काम करणारांसाठीं पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षास २० मिलिसीव्हर्ट, व कोणत्याहि एका वर्षीं फार तर ३०, अशी मर्यादा घातली आहे. व्यवस्थित चाललेल्या चित्रण-विभागांतील बहुतेकांची नोंद या मर्यादेच्या लहानशा अंशांतच राहते. स्त्रीनें आपण गरोदर असल्याचें कळविलें कीं उरलेल्या काळांत गर्भासाठीं मर्यादा १ मिलिसीव्हर्टवर येते, आणि त्याप्रमाणें तिचें काम बदलून द्यावें लागतें. नोंद ठेवण्यासाठीं छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आंत, एक टीएलडी बिल्ला लावतात व तो तीन महिन्यांनीं तपासणीस जातो. कांहीं विसराळू मंडळी तो एप्रनसह खुंटीवरच ठेवून घरीं जातात. मग हिशेब निघतो तो खुंटीचा! मुलगी पाहावयास येणारांनीं ‘किरण लागतात काय?’ असें विचारण्याऐवजीं ‘बिल्ला वेळेवर तपासावयास जातो ना?’ असें विचारावें. उत्तर अधिक उपयोगाचें मिळेल.

मग ही मंडळी दिवसभर करतात तरी काय? चित्र घेणारा तंत्रज्ञ आपणांस दिसतो. यंत्राचीच परीक्षा घेणारा वैद्यकीय भौतिकीचा मनुष्य सहसा दिसत नाहीं. या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तुर्भें येथील अणुशक्ति-केंद्रांत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत, १९६२ सालीं सुरू झाला. सीटीच्या यंत्रांत, रुग्ण येण्यापूर्वीं, पाण्यानें भरलेलें एक नळकांडें ठेवून चित्र घेतात. यंत्राच्या मापांत पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणें एक हजार. पाणी शून्यापासून चारपांच अंकांहून अधिक ढळलें, तर त्या दिवशींची यंत्राची साक्ष संशयास्पद ठरते. क्ष-किरण सोडण्यापूर्वीं साधा प्रकाश पाडून जागा निश्चित करतात. तो प्रकाश व मागून येणारे अदृश्य किरण एकाच चौकटींत पडतात कीं नाहीं, हें कडांवर नाणीं मांडून तपासतात. एक मीटरवर दोन सेंटिमीटरांहून जास्त तफावत चालत नाहीं. शिशाचा एप्रनहि तपासावा लागतो. पैठणी घडीवर चिरते म्हणून घरच्या बायका तिची घडी फिरवून ठेवतात. एप्रनला तर घडीच चालत नाहीं. तो टांगूनच ठेवावा लागतो, नाहीं तर आंतल्या आंत चीर पडते आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं.

पण आमच्या मतें या कामाचा खरा कस याहून निराळ्याच ठिकाणीं लागतो. फिल्म होती तेव्हां किरण जास्त पडले कीं चित्र काळें होई, कमी पडले कीं फिकें. चूक तेथल्या तेथें उघडी पडे. आतां फिल्मची जागा संगणकास जोडलेल्या पटलानें घेतली आहे, आणि संगणक उजेड-अंधार आपोआप सावरून घेतो. किरण कमी पडले तर चित्रावर वाळू पसरल्यासारखी दिसते. दुप्पट पडले तर तें अधिकच स्वच्छ दिसतें! साहजिकच कमी मात्रेबद्दल बोलणीं बसतात, जास्तीबद्दल कोणीच बोलत नाहीं. डॉक्टर खूष, रुग्ण अजाण. बोलणीं नकोत म्हणून तंत्रज्ञाचा हात हळूंहळूं सैल सुटतो, आणि त्याच छातीच्या चित्रासाठीं पूर्वींपेक्षां अधिक किरण खर्ची पडूं लागतात. लहान मुलांना तर ही उधळपट्टी अधिक बाधते. यंत्र प्रत्येक चित्राबरोबर मात्रेचा एक अंक दाखवितें. तो अंक नेमानें वाचणारा, महिन्यामहिन्याचे अंक शेजारीं मांडून पाहणारा, आणि ‘चित्र सुंदर आहे, पण इतक्या सुंदर चित्राची गरज नव्हती’ असें वरिष्ठांच्या तोंडावर सांगणारा कोणी तरी तेथें लागतो. पगार त्या अंकासाठीं मिळतो असें नाहीं. तो न वाचल्याबद्दलहि सहसा कोणी जाब विचारीत नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांतून एका आजाऱ्याबरोबर चार माणसें जातात, आणि तंत्रज्ञानें त्यांस बाहेर थांबविलें कीं तो उद्धट ठरतो. वास्तविक अंतर दुप्पट झालें कीं किरण चतुर्थांश होतात. बाहेर थांबविणें हा त्याच्यापाशीं असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. एमआरआयच्या खोलींत क्ष-किरण नसतात, पण तेथील दीड टेस्लाचें चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें तीस हजार पट प्रबळ असतें. तेथें मंगळसूत्र काढावयास सांगितलें म्हणून सासूबाई रागावतात. सोनें चुंबकास चिकटत नाहीं हें खरें. पण धातु तापूं शकतो, चित्र बिघडवितो, आणि फांसा व आंतली तार कशाची आहे हें सोनाराखेरीज कोण सांगणार? मुंबईंतील एका रुग्णालयांत २०१८ च्या जानेवारींत आजारी माणसासोबत आलेला एक तरुण नातेवाईक प्राणवायूचें नळकांडें घेऊन या खोलींत गेला. चुंबकानें तें खेंचून घेतलें आणि त्यांत त्याचा प्राण गेला. दारावरचा तंत्रज्ञ किल्ल्या, नाणीं, चाकांची खुर्ची यांची झडती घेतो ती याच चुंबकाकरितां. रुग्णालयांत सामान्यतः वापरतात तें हें चुंबक रात्रीं, सुटीच्या दिवशीं, वीज गेलेली असतांहि चालूच असतें.