मोबाइलच्या मागं माणूस उभा करा

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला बोलता येत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला मी सरमकुंडी फाट्यावर नेऊन सोडीन. पेढ्याच्या दुकानापुढं गाडी थांबून दार उघडेपर्यंत हातावर पेढ्याचा तुकडा आलेला असतो. तो तोंडात विरघळेस्तोवर दूध कुठलं, भट्टी कधी पेटवली, शेजारच्याचा पेढा पांढरा का आणि आपला तांबूस का, हे सगळं सांगून होतं. पाव किलो घ्यायला आलेला माणूस किलोभर घेऊन जातो. यालाच आत्मविश्वास म्हणतात, आणि तो कुठल्या शिबिरात मिळालेला नाही.

आता याच माणसाचा मोबाइलवरचा व्हिडिओ बघा. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागं, नजर कुठंतरी कॅमेऱ्याच्या वर. ‘नमस्कार मित्रांनो, आमच्याकडे उत्कृष्ट दर्जाचा खवा माफक दरात उपलब्ध आहे.’ उपलब्ध! हा शब्द त्यानं जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला ऐकवला नसेल. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर जायची सोय झाली. पण चार-पाच लिटर दूध आटवून किलोभर खवा काढणारा माणूस भट्टीपासून दहा फूट लांब, भिंतीला टेकून, सरकारी पत्रकाच्या भाषेत बोलतो. त्याला खुरपं हातात देऊन कढईपुढं उभं करा. हाताला काम लागलं की जीभ सैल होते, हे भट्टीवरच्या कुणालाही ठाऊक आहे.

मला वाटतं, अडचण धिटाईची नाहीच. समोर कोणी नसतं, ही अडचण आहे. आपली सगळी परंपरा समोरच्याशी बोलण्याची आहे. तुळजापूरच्या गोंधळ्यांकडं बघा. नाईक आख्यान लावतो, पण तो एकटा बोलत सुटत नाही. संबळाच्या किंवा तुणतुण्याच्या बाजूनं साथीदार त्याला अडवतो, भाबडे प्रश्न विचारतो, मधेच चेष्टा करतो, आणि त्या उत्तरांतून कथा पुढं सरकते. तमाशातल्या सोंगाड्याचं कामही बरंचसं हेच. शेकडो माणसांपुढं रात्रभर उभं राहणाऱ्या या कलावंतांना जर काचेच्या एका ठिपक्याकडं बघून बोल म्हटलं असतं, तर तेही अडखळले असते. म्हणून माझं सांगणं एवढंच: मोबाइल काठीला बांधून ठेवू नका. त्याच्या मागं माणूस उभा करा आणि त्याला प्रश्न विचारू द्या. ‘आत्या, आज दूध किती घातलं?’ एवढा एक प्रश्न पुरतो. आत्या पुढची दहा मिनिटं थांबत नाहीत. व्हिडिओ कुठं कापायचा ही नंतरची डोकेदुखी.

याचा पुरावा शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे यूट्यूबवरची ‘आपली आजी’. वाहिनी सुरू झाली तेव्हा सत्तरीच्या आसपास वय, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि कॅमेऱ्याची भीती. नातू यश पाठक तेव्हा सतरा वर्षांचा. त्यानं पावभाजी मागितली, आजीला ती करता येईना, मग त्यानं मोबाइलवर कृती दाखवली आणि आजीनं ती केली. तिच्या हाताची चव बघून त्याला वाहिनीची कल्पना सुचली. 2020 च्या टाळेबंदीत काही महिन्यांत लाखो लोक तिला बघायला लागले. आजी धीट कशी झाली याची बरीच कारणं लोक सांगतात. मला एकच पटतं. मोबाइलच्या मागं नातू होता, आणि नातवाला भाजी कशी करायची ते सांगायला कुठल्या आजीला सराव लागतो?

भीतीची दुसरी बाजू मात्र एवढ्यानं जात नाही. आपलं बोलणं गावंढळ वाटेल, पुण्याची माणसं हसतील, ‘करायलोय’, ‘जायलोय’ ऐकून कोणी नाक मुरडेल, ही धास्ती खोल आहे. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबानं जसं बघितलं, कर्ज मागायला गेल्यावर टेबलापलीकडच्यानं जसं बघितलं, तसंच हे यंत्र आपल्याकडं बघणार असं वाटतं. वरून.

या ‘वरून’ बघण्याला नाव ठेवणाऱ्या बायका फार लांब नाहीत. उमरग्यावरून सोलापूर-हैदराबाद महामार्गानं पुढं गेलं की तेलंगणातलं जहीराबाद लागतं. त्याच्या जवळ पस्तापूर आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दलित शेतकरी बायकांच्या हाती कॅमेरा दिला. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर. संस्था उभी करणाऱ्यांपैकी पी. व्ही. सतीश हे मूळचे दूरदर्शनचे निर्माते. या बायकांनी चित्रणाच्या कोनांना स्वतःची नावं ठेवली. वरून खाली बघणारा तो पटेल शॉट, कारण गावचा जमीनदार त्यांच्याकडं तसाच बघायचा. खालून वर बघणारा तो गुलामाचा. आणि डोळ्याला डोळा भिडवणारा तो संघम शॉट. संघम म्हणजे त्यांचा गावातला गट, त्याच्या बैठकीत सगळ्या एका पातळीवर बसतात म्हणून. मुंबईच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं काढलेल्यांनाही हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

आता आपल्या घरातलं चित्र आठवा. आई चुलीपुढं बसलेली, लेक उभा राहून व्हिडिओ काढतोय. झाला पटेल शॉट. लेकाला ते कळत नाही. आईला कळतं, म्हणून ती पदर सारखा करत खाली मान घालते आणि मग लेक म्हणतो, ‘आई, वर बघ की, लाजतीस कशाला?’ बाबा रे, तूच खाली बस. मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीला आण.

स्वतःला बघून येणाऱ्या संकोचाचं थोडक्यात सांगतो. आपला आवाज एरवी आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, ध्वनिमुद्रणात तो भाग गळतो, म्हणून तो परका आणि चिरका वाटतो. चेहरा आपण आरशात उलटा बघत आलो. व्हिडिओत तो सुलटा दिसला की वाकडा वाटतो. बाकीच्यांनी मात्र तो कायम तसाच पाहिलाय. आणि लोक आपल्याकडं किती बघतात याचा आपला अंदाजही फुगलेला असतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ओशाळं करणारा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांनी बघितला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात चौथा हिस्सा लोकांच्याच ध्यानात आला. तेव्हा पहिले दहा-बारा व्हिडिओ बेलाशक टाका.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्याच मातीतली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यात घरं पुन्हा बांधायचं काम निघालं, तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. अनेकींनी तोवर परक्या पुरुषापुढं तोंड उघडलं नव्हतं. त्या इंजिनिअरला सिमेंटचा हिशेब विचारू लागल्या, ग्रामसभेत उभ्या राहू लागल्या. एकएकटी कोणी गेली नाही, गटानं गेल्या. पुढं याच संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं, तेही मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांच्या कामासाठी. आज पापड, मसाले, शेवया विकणाऱ्या बचत गटांनी ‘आमच्यातली बोलकी कोण’ असं शोधत एकीला पुढं ढकलण्यापेक्षा चौघी एकत्र बसून शेवया वळाव्यात आणि मोबाइल चालू ठेवावा.

एका बाबतीत मात्र मी हात टेकलेत. उस्मानाबादी शेळीचे व्हिडिओ बघा: काळीभोर जनावरं, जुळी करडं, बोलणाराही तरबेज. आणि खाली प्रत्येकाचा एकच प्रश्न, ‘भाव काय?’ त्यावर उत्तर ठरलेलं, ‘फोन करा.’ आपल्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. भाव चारचौघांत बोलायचा नसतो हे पिढ्यांचं वळण आहे. पण बघणारा बार्शीत नाही तर नाशिकला बसलाय, आणि त्याला वाटतं हा माणूस काहीतरी लपवतोय. एकदा वजन, वय आणि भाव तिन्ही स्पष्ट सांगून बघा. शेजारचा व्यापारी चार दिवस बोलणार नाही, तेवढं सोसावं लागेल.